कूट चालतं ना?

आपल्या मेसमधलं 'सॅलड' तुम्ही सगळ्यांनी पाहिलेलंच आहे. खाल्लं आहे का, हे मी विचारत नाही! काकडीच्या चार चकत्या, कांद्याच्या तीन, आणि सकाळी आठला कापल्यामुळे दुपारी एक वाजता 'आता मला सोडा' म्हणणारा एक टोमॅटो. फर्स्ट इयरला असताना मी घरी फोन करून तक्रार केली होती, "आई, इथलं सॅलड फार बोअर असतं गं." आई म्हणाली, "मग कोशिंबीर करून खा." मी पोट धरून हसलो. हॉस्टेलमधल्या मुलाने कोशिंबीर करायची?

इथे एक कबुली देऊन टाकतो. मी कॉन्व्हेंटचा. नर्सरीपासून दहावीपर्यंत इंग्लिश मीडियम. मराठी होतं, पण पास होण्यापुरतं. शाळेच्या डब्यात कोशिंबीर असली की मी झाकण अर्धंच उघडायचो. कुणी विचारलंच तर "पीनट सॅलड" म्हणून सांगायचो. पीनट सॅलड मित्रांना आवडायचं. दोघं-तिघं तर रोज माझ्या डब्यावर टपलेले असायचे. कोशिंबीर म्हटलं असतं तर त्यांनी खाल्लं असतं का, हे मी कधी तपासून पाहिलं नाही. असो. हा लेख मराठीत लिहितोय हेच माझ्यासाठी एक सबमिशन आहे. ऱ्हस्व-दीर्घ वर्गातल्या एका मैत्रिणीने तपासून दिले आहेत. उरलेल्या चुका माझ्या.

तर गोष्ट गेल्या मे महिन्यातली. चौथ्या सेमिस्टरचा शेवटचा पेपर संपला आणि बाबांचा फोन आला. "काशीदची आत्या ओट्यावरून घसरली. मनगट मोडलंय. सीझन आहे, पाहुणे आहेत. तू जा." वर्गातली मुलं कंपन्यांमध्ये इंटर्नशिपला गेली. माझी इंटर्नशिप आत्याच्या स्वयंपाकघरात लागली. स्टायपेंड म्हणून रोज दोन आंबे!

काशीद तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलं असेल, निदान सेकंड इयरच्या ट्रिपला. अलिबागहून मुरुडची एसटी पकडायची. रेवदंड्याची खाडी ओलांडली की उजवीकडे कोर्लईचा किल्ला दिसतो, मग रस्ता कधी समुद्राला चिकटून तर कधी डोंगराला. एका बाजूला फणसाड अभयारण्याचं जंगल, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं, आणि त्यांच्यामधून एकदम तो पांढऱ्या वाळूचा लांबलचक किनारा. ट्रिपला आलेल्यांना काशीद म्हणजे एवढंच ठाऊक असतं. आत्याचं घर रस्त्याच्या आतल्या बाजूला, वाडीत. घरामागे तीन खोल्या, पाहुण्यांच्या राहण्या-जेवणाची घरगुती सोय. काका बाहेरचं बघतात, आत्या आतलं, आणि काकांची आई, म्हणजे आजी, ओटीवर बसून दोघांचंही बघते.

पहिल्याच दिवशी आत्याने माझ्या हातात खडू दिला. "तू इंग्लिश मीडियमचा ना? मग बाहेरचा बोर्ड तू लिही. मुंबईचे पाहुणे येतात, त्यांना कळेल असं लिही." इतकी वर्षं बोर्डवर काका मराठीत लिहायचे: सुरमई, आमटी, भात, सोलकढी, कोशिंबीर. मी फडक्याने सगळं पुसलं आणि कामाला लागलो. सोलकढीचं केलं 'कोकम कोकोनट कूलर'. कोशिंबिरीपाशी थोडा विचार केला आणि मोठ्या अक्षरांत इंग्रजीत लिहिलं, 'रॉ व्हेजिटेबल सॅलड विथ नटी ड्रेसिंग'. बोर्डापासून चार पावलं मागे जाऊन पाहिलं. वा! हॉटेल वाटत होतं. आजीने ओटीवरून विचारलं, "काय लिहिलंस रे एवढं लांब?" मी म्हटलं, "कोशिंबीर." आजी म्हणाली, "मग खडू बराच गेला."

आता कोशिंबीर करायचीही मीच होती, कारण आत्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये. ती पाटावर बसून सांगायची आणि मी करायचो. म्हणजे करेन असं वाटलं होतं. वेळ वाचवायला (इंजिनिअर ना आपण!) मी अकरा वाजताच सगळं कालवून ठेवलं. काकडी, मीठ, साखर, लिंबू, कूट. दीड वाजता झाकण काढलं तर पातेल्यात सूप! वर काकडीचे तुकडे पोहत होते आणि खाली कूट गाळासारखं बसलं होतं. तेच वाढलं. आठ ताटांपैकी सात ताटांत तसंच परत आलं. आठवं ताट माझं होतं.

मी खजील होऊन बसलो. आत्या काही बोलली नाही. तिने तो सगळा प्रकार पिठात ओतायला लावला आणि संध्याकाळी त्याची थालिपीठं झाली. ती मात्र पाहुण्यांनी मागून मागून खाल्ली! मग तिने विचारलं, "मीठ कधी घातलंस?"

मित्रांनो, बारावीला ऑस्मोसिसवर मी पाच मार्कांचं उत्तर पाठ केलं होतं. पेशीच्या बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर येतं, आकृतीसकट. काकडीत पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, हेही कुठेतरी वाचलं होतं. पण आकृतीतली पेशी आणि पातेल्यातली काकडी यांची ओळख माझ्या डोक्यात कुणी करून दिलीच नव्हती. आत्या सायन्सची नाही. तिचं वाक्य एवढंच, "मीठ पान वाढताना. आधी घातलंस की काकडी रडते."

दुसऱ्या दिवसापासून माझं रीतसर शिक्षण सुरू झालं. तुमच्याही उपयोगी पडेल म्हणून इथे देतो.

आधी दाणे. कढई जाड हवी आणि गॅस बारीक. घाई केली की दाणे बाहेरून काळे आणि आतून कच्चे राहतात. साल तडकायला लागली, त्यावर तपकिरी ठिपके आले आणि घरभर वास सुटला की उतरवायचे. पूर्ण गार होऊ द्यायचे. मग हाताने चोळून सालं काढायची आणि सूप घेऊन अंगणात जायचं. काशीदला दुपारनंतर समुद्रावरून वारा सुटतो. त्या वाऱ्यात दाणे पाखडले की फोलपटं आपोआप उडून वाडीत जातात. पहिल्या दिवशी फोलपटांबरोबर अर्धे दाणेही गेले, ते कोंबड्यांनी खाल्ले.

मग कूट. मिक्सर एकदम फिरवायचा नाही; थांबत, थांबत, दोन-तीन सेकंदांचे झटके. कारण दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं. सलग फिरवलं की ते सुटतं आणि कुटाचा गोळा होतो. (मी तोही करून पाहिला. पीनट बटर म्हणून पोळीबरोबर संपवला.) कूट रवाळ हवं, दाताखाली लागलं पाहिजे. आणि एका वेळी दोन-तीन दिवसांपुरतंच करायचं. समुद्राकाठच्या दमट हवेत कूट लवकर खवट होतं. दाण्यांना बुरशीचा वास आला तर ते सरळ टाकून द्यायचे, भाजून 'चालवून' घ्यायचे नाहीत. त्या बुरशीचं विष भाजून पुरतं जात नाही.

मग काकडी. टोक कापून चाखायचं. कडू निघाली तर बाद. किसायची नाही, चोचवायची. हा शब्द मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. सोललेली काकडी हातात उभी धरायची, सुरीने वरून भराभर चिरा मारायच्या आणि तेवढा थर कापून खाली पाडायचा. पुन्हा चिरा, पुन्हा थर. आत्या आधी दोन मिनिटांत एक काकडी चोचवायची. मला दहा मिनिटं आणि दोन बँडेड लागले.

बाकी सोपं. दोन मध्यम काकड्यांना अर्धी वाटी कूट, एक-दोन हिरव्या मिरच्या, अर्धं लिंबू, अर्धा चमचा साखर, मूठभर कोथिंबीर. वरून दोन चमचे साजूक तुपाची जिरं-हिंगाची फोडणी, चर्र झाली पाहिजे. मीठ शेवटी, ताट वाढताना. मग काकडीचं जे थोडं पाणी सुटतं ते कूट पिऊन टाकतं आणि सगळं छान मिळून येतं. यालाच खमंग काकडी म्हणतात. आत्याकडे कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' आहे, पानं सुटलेलं, हळदीचे डाग पडलेलं. १९७० साली पहिल्यांदा निघालेल्या त्या पुस्तकात सगळी मापं वाटी-चमच्यात आहेत. मला मापं हवी असायची म्हणून मी ते उघडायचो. आत्या म्हणायची, "चार दिवस माप घे, पाचव्या दिवशी हात शिकतो." तसंच झालं.

माझं 'नटी ड्रेसिंग' फेमस व्हायला लागलं. पाहुणे बोर्डाचे फोटो काढायचे. मी हवेत.

आणि मग तो रविवार आला. मुंबईचं एक कुटुंब जेवायला बसलं होतं. आई-वडील आणि सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाने बोर्ड वाचून आईला इंग्रजीत विचारलं, "मी खाऊ का?" आई म्हणाली, "हो, नट्स म्हणजे काजू असतील, काजू तुला चालतात." कोकणात आलोय म्हणजे काजूच, हा तिचा हिशेब. मी ते ऐकलं. ऐकलं आणि काहीही बोललो नाही. का, ते आजही नीट सांगता येत नाही. 'काजू' ऐकायला भारी वाटलं असेल. 'शेंगदाणे' सांगितलं तर बोर्डाची हवा जाईल, असंही वाटलं असेल. मी कोशिंबिरीची वाटी त्या मुलाच्या ताटात ठेवली.

आत्याला एक सवय आहे. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवलेला असला तरी ती प्रत्येक पानाजवळ येऊन उभी राहते आणि विचारते, "कूट चालतं ना?" त्या बाईंना कूट हा शब्द कळला नाही. त्यांनी हसून मान डोलावली. आत्याचं समाधान झालं नाही. ती पुन्हा म्हणाली, "दाण्याचं कूट. शेंगदाणे. काहींना पित्त होतं, म्हणून विचारते."

त्या बाई इतक्या झटकन उठल्या की पाण्याचा तांब्या कलंडला. मुलाचा चमचा तोंडाशी होता. त्यांनी त्याचा हात धरला आणि वाटी ढकलून दिली. मग कळलं, मुलाला शेंगदाण्याची अॅलर्जी होती. साधी खाज वगैरे नाही. आदल्या वर्षी एका वाढदिवसाला केकमधून थोडे दाणे गेले होते तर घसा सुजून श्वास अडकला होता आणि त्याला हॉस्पिटलात ठेवावं लागलं होतं. काजू त्याला चालायचा, शेंगदाणा नाही. कारण शेंगदाणा हा खरं तर 'नट' नाहीच. तो शेंगेतला, तुरी-वाटाण्याच्या घराण्यातला. हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की मुरुड इथून वीसेक किलोमीटर आहे, अलिबाग त्याहून लांब, आणि रस्ता सगळा वळणांचा.

काही झालं नाही. देवाची कृपा म्हणा किंवा आत्याची सवय म्हणा. त्या बाई मला एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना आत्याचा डावा हात दोन्ही हातांत धरून उभ्या राहिल्या, बस. मी बाहेर गेलो आणि बोर्ड पुसला. पुसताना हात थरथरत होता. मग लिहिलं: 'काकडीची कोशिंबीर, शेंगदाण्याचं कूट घालून'. खाली तेच इंग्रजीत, साध्या शब्दांत, आणि शेंगदाणे हा शब्द सर्वांत मोठा.

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. मागच्या पडवीत आत्या येऊन बसली. मी तिला सगळं सांगितलं, ते 'काजू' मी ऐकलं होतं हेसुद्धा. ती बराच वेळ गप्प राहिली. मला वाटलं, आता ओरडेल. पण ती म्हणाली, "मीपण एक नाव लपवलं होतं बाबा. अठ्ठावीस वर्षं."

आत्या मूळची आमच्या कराडकडची. आमच्याकडे दाण्याशिवाय पान हलत नाही. भाजीत कूट, आमटीत कूट, चटणी दाण्याची, कोशिंबिरीत तर हवंच. काका तेव्हा कराडला नोकरीला होते, तिथे लग्न जमलं आणि १९९२ साली ती काशीदला आली. इथे सगळं खोबऱ्याचं. वाडीत एकतीस माड; खोबरं काय, हात वर केला की मिळायचं. पहिल्याच महिन्यात तिने कोशिंबिरीत कूट घातलं आणि आजीने ताट बाजूला सारलं. "हे काय मातकट? आमच्याकडे कोशिंबीर पांढरी असते." आजी दुष्ट होती असं नाही हं. तिची तशी जीभच होती. पण त्या दिवसापासून आत्याने कूट बंद केलं. बाबा दरवर्षी कराडहून दाण्यांची पिशवी पाठवायचे, ती उपासाच्या खिचडीपुरती वापरायची. कुणी विचारलं तर म्हणायची, "मलाही आता खोबरंच आवडतं."

"आणि खरंच आवडायला लागलं होतं का?" मी विचारलं.

"खोबरं वाईट थोडंच असतं? पण कूट आठवायचं."

मग ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं. अलिबागच्या दक्षिणेला, याच किनाऱ्यावर, दुपारी जमिनीवर धडकलं. आधीच लॉकडाऊन, त्यात हे. घरातले चौघं आतल्या खोलीत दार धरून बसले. बाहेर माड पडताना काय आवाज होतो, ते आत्याने सांगायचा प्रयत्न केला आणि मध्येच थांबली. वारा गेल्यावर बाहेर येऊन पाहिलं तर एकतिसातले चोवीस माड आडवे. पोफळी तर मोजल्याच नाहीत. कौलं गेली. कित्येक दिवस वीज नव्हती. पहिले काही आठवडे नारळच नारळ होते, पडलेल्या माडांचे. कुणाला देणार, सगळ्यांकडे तेच. मग ते संपले. उरलेले माड इतके हलले होते की फळं गळून जायची. माड काही पालक-मेथी नव्हे. आत्ता रोप लावलं तरी बाणवलीला फळ धरायला सहा-सात वर्षं.

त्या पावसाळ्यात एक दिवस घरी फक्त भात, आमटी आणि वेलावरची एक काकडी होती. आत्या काकडी चोचवून नुसतं मीठ-लिंबू लावत होती. आजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "तुझ्याकडे ते दाणे असतील ना, भावाने दिलेले?"

आत्या म्हणाली, "आहेत."

"मग घाल की. सुकी काकडी कशाला खायची?"

आत्याने दाणे भाजले. वास सुटला. आणि कढईसमोर उभी राहून ती रडली. माड पडले तेव्हा रडली नव्हती, असं तिने सांगितलं. जेवताना आजी काही बोलली नाही, पण कोशिंबीर दुसऱ्यांदा मागून घेतली. तेव्हापासून या घरच्या कोशिंबिरीत कूट आहे. आणि तेव्हापासूनच आत्या प्रत्येक पानाशी विचारते, "कूट चालतं ना?" ज्याला चालत नाही त्याच्यासाठी बिनकुटाची वाटी वेगळी काढलेली असते. तशी वाटी आपल्यासाठी कधी कुणी काढली नव्हती, हे ती बोलली नाही. मला कळलं.

नंतर मी थोडं वाचन केलं. (सवय! रिपोर्टला 'लिटरेचर सर्व्हे' लागतोच.) माड या किनाऱ्यावर फार जुना. नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या शिलालेखात नहपानाच्या जावयाने नारळाची बत्तीस हजार झाडं दान दिल्याची नोंद आहे, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीची. शेंगदाणा मात्र दक्षिण अमेरिकेतला, युरोपच्या दर्यावर्दींनी जगभर नेलेला. काजू आणि मिरचीसुद्धा तिकडचीच. म्हणजे आजी म्हणत होती ते एका अर्थाने बरोबर, दाणा या घरात सून म्हणूनच आला! इंडोनेशियात भाज्यांवर दाण्याचा दाट रस ओततात, त्याला गाडो-गाडो म्हणतात. ते लोक त्याला गाडो-गाडोच म्हणतात, 'नटी ड्रेसिंग' नाही.

जूनमध्ये मी हॉस्टेलवर परत आलो तेव्हा बॅगेत दोन किलो दाणे होते. आता आमच्या मजल्यावर दर रविवारी कोशिंबीर होते. दाणे मेसच्या मावशी भाजू देतात, अट एकच, कढई घासून ठेवायची. कूट आम्ही स्टीलच्या पेल्याच्या बुडाने कुटतो. मजल्यावर तामिळनाडूचा एक आहे, बिहारचे दोघं आहेत. पहिल्यांदा त्यांनी "धिस इज व्हॉट?" विचारलं तेव्हा जुनी सवय जिभेवर आली होती. पण मी म्हटलं, "कोशिंबीर." तामिळनाडूवाला 'कोसंबरी' म्हणून ओरडला, त्यांच्या घरीही असते म्हणे, मुगाची डाळ घालून! वाढण्याआधी मी प्रत्येकाला विचारतो, "कूट चालतं ना?" मुलं हसतात. हसू देत.

गेल्या आठवड्यात आत्याला फोन केला. हात बरा आहे, पुन्हा दोन मिनिटांत एक काकडी. वादळानंतर लावलेली रोपं आता माणसाच्या डोक्याच्या वर गेली आहेत, फळाला अजून वेळ आहे. मी सहज म्हटलं, "आत्या, माड धरले की कूट बंद का मग?"

मागून आजीचा आवाज आला. फोन स्पीकरवर होता वाटतं.

"बंद कशाला? दोन्ही घालू."